खगोलाच्या पोटातलं वजन

गणपतीच्या आधीची साफसफाई चालू होती. वेंगुर्ल्याला आत्याच्या घरी माळ्यावरच्या वस्तू एकेक करून खाली उतरत होत्या. तांब्याचं घंगाळ, मखराच्या जुन्या पट्ट्या, पाय मोडलेला पाट, आणि मग जुन्या लुगड्यात गुंडाळलेला तो आकाशगोल. आतेभावाने वरून तो माझ्या हातात दिला तेव्हा त्याच्या पोटात काहीतरी घरंगळलं. वाळूपेक्षा जड, खड्यांपेक्षा बारीक असा आवाज. "ह्येच्या पोटात उंदराची हाडां आसतली गो," आत्या खालून म्हणाली, "खूप वर्षां वाजता तां." आतेभावाचं मत सरळ होतं: फुटलाय, कसर लागलीय, आत सगळं पोकळ आहे, एकतर वरून ऑइलपेंट मारून घेऊ, नाहीतर भंगारवाल्याला देऊ. पुढे आरास, मोदक, आरत्या यांत विषय मागे पडला. माझ्या डोक्यातून मात्र तो आवाज जाईना. हाडं अशी वाजत नाहीत.

आत्याचे सासरे मुंबईला गोदीत नोकरीला होते, तिथल्या एका लिलावात त्यांनी हा गोल घेतला. फूटभर व्यासाचा, कातीव पायांच्या लाकडी बैठकीत बसवलेला. लहानपणी आम्हांला त्याला हात लावायची परवानगी नसे, त्यामुळे आम्ही पोरं हात पाठीमागे बांधून त्याच्याभोवती फिरायचो. शाळेतल्या गोलावर देश असतात, ह्याच्यावर सिंह, विंचू, खेकडा आणि सोटा उगारलेला शिकारी आहे, आणि त्यांच्या अंगांवर लहानमोठे तारे. ह्या खेपेला पहिल्यांदाच मी तो ओटीवर, उजेडात ठेवून जवळून पाहिला. वार्निश पिवळं पडत पडत तपकिरी झालं आहे. बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलंय, त्याखालचं 'लंडन' तेवढं वाचता येतं. एका ध्रुवापासून दुसऱ्या ध्रुवापर्यंत कागदाचे सांधे दिसतात. छापील कागद कलिंगडाच्या फाकांसारखा कापून बारा तुकड्यांत गोलावर चढवलेला आहे, आणि दोन्ही ध्रुवांवर एकेक गोल चकती. कागद जिथे सुटला आहे तिथे खाली पांढरा थर आहे. बोट लावलं की खडूची पूड बोटाला लागते. आणि दक्षिणेकडे, जिथे तळहाताएवढा तुकडा पार निघून गेला आहे, तिथे त्या पांढऱ्या थराच्याही खाली जाडाभरडा करडा कागद दिसतो. त्याच्यावर उलटी छापलेली चार-दोन अक्षरं. कुठल्या तरी छापखान्याची रद्दी.

ती अक्षरं पाहिल्यावर मी हा गोल घडतो कसा ते शोधत बसले, आणि त्यात गणपती कधी गेले ते कळलं नाही. युरोपात दोन-तीनशे वर्षं ही रीत फारशी बदलली नाही. आधी एक लाकडी गोळा. त्याच्यावर खळीत भिजवलेल्या कागदाचे थरावर थर चढवायचे. वाळले की मधोमध गोल काप देऊन दोन वाट्या सोडवून घ्यायच्या. आत एक लाकडी दांडा आसाला बसवायचा, वाट्या त्याच्यावर खिळ्यांनी ठोकायच्या आणि सांधा बुजवायचा. हा नुसता सांगाडा, ओबडधोबड. मग खडूची पूड सरसात कालवून त्याचे लेप. गोळा आसावर फिरवत ठेवायचा आणि अर्धवर्तुळात कापलेल्या धातूच्या पट्टीखालून न्यायचा, म्हणजे जास्तीचा लेप खरवडला जातो आणि जिथे खळगा आहे तिथे आणखी लागतो. लेप, वाळवण, पुन्हा लेप. शेवटी हाताला कुठेही उंचवटा लागत नाही. मग त्या फाका. कागद ओला झाला की ताणतो, आणि सगळीकडे सारखा ताणत नाही, धाग्याच्या दिशेने कमी आणि आडवा जास्त. म्हणून तांब्याच्या पत्र्यावर नकाशा कोरतानाच हा ताण हिशोबात धरावा लागे. ओली फाक हातात धरून बोटांनी सरकवत सरकवत बसवायची. एक केसभर चुकली तर शेजारच्या फाकेवरचा सिंह मानेपाशी तुटतो. हाताने रंग, वर सरसाचा पातळ हात, आणि शेवटी चंद्रस, मस्तकी ह्या झाडांच्या राळेचं किंवा लाखेचं वार्निश.

आपल्याकडच्या पळसा-बोरांच्या फांद्यांवरची लाख जगभरच्या वार्निशांत गेली.

ह्या सगळ्यात वाजणारी वस्तू कुठेच नव्हती. ती मला सापडली शेवटच्या एका बारीक कामात. हाताने दिलेला लेप सगळीकडे सारख्या जाडीचा कधीच नसतो. बाहेरून गोळा निर्दोष दिसतो, पण आसावर ठेवून फिरवला की जड बाजू आपोआप खाली येते. अशा गोलाचा उपयोग नाही, कारण आपण लावू त्या तारखेला, त्या वेळेला आकाश थांबलं पाहिजे. म्हणून कारागीर हलक्या बाजूला आतून शिशाच्या छर्‍यांची छोटी पिशवी चिकटवत. आमचा गोल कसाही फिरवून सोडा, दोनतीन हेलकावे घेतो आणि सिंह खाली घेऊनच थांबतो. म्हणजे पिशवी सुटली असावी, असं मी धरून चालले. पण धरून चालणं मनाला पुरेना. कुडाळला एका एक्स-रेवाल्यांना विनंती केली आणि मी आणि आत्या तो गोल चादरीत गुंडाळून, रिक्षात मांडीवर घेऊन गेलो. फॉर्मवर पेशंटचं नाव लिहावं लागतं म्हणाले. आत्याने क्षणभर विचार केला आणि तिच्या सासऱ्यांचं नाव सांगितलं.

फिल्म उजेडावर धरली तेव्हा मी तारे शोधत होते, ते अर्थातच नव्हते; कागदावरची शाई क्ष-किरणांना दिसत नाही. दिसला तो मधला दांडा, अंधुक. त्याच्या दोन्ही टोकांना ठसठशीत पांढरे खिळे. कडेने लेपाची फिकी कड, आणि ती एका अंगाला स्पष्ट जाड, दुसऱ्या अंगाला बारीक. आणि तळाशी, मूठभर लखलखीत पांढरे ठिपके, एकावर एक साचलेले. कुठल्या तरी हाताने ही जाडी बोटांनी जोखली असेल, छर्रे कमीजास्त करून पाहिले असतील, दर वेळी गोळा फिरवून, आणि मग एका क्षणी तो जिथे सोडला तिथे थांबला असेल. तंत्रज्ञाने विचारलं, "ऑपरेशन करणार का?" आत्या त्याच गंभीरपणे म्हणाली, "बघूया."

आर्यभटाने, ४९९ च्या सुमाराला, नेमकी हीच अट घातलेली आहे. आर्यभटीयाच्या गोलपादात तो गोलयंत्र कसं करायचं ते एका श्लोकात सांगतो: लाकडाचा, सगळीकडून सारखा गोल, सगळ्या बाजूंनी सारख्या वजनाचा, आणि तरी हलका, तो पारा, तेल आणि पाणी यांच्या योगाने काळाच्या गतीने फिरेल असा करावा, आणि तेही आपापल्या बुद्धीने. पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणीत सरळ, गुळगुळीत बांबूच्या कामट्यांची वलयं करून गोल बांधायला सांगितला, आणि गणकाला गणिताबरोबर हाताचं कसबही पाहिजे असं बजावलं. मला ह्या दोघांचं हे फार आवडतं. आकाशाबद्दल बोलता बोलता ते लाकडावर, बांबूवर, तेलावर येतात आणि त्यात त्यांना काही कमीपणा वाटत नाही. आपल्याकडे खगोलाचा विषय निघाला की सगळे वर बघतात. कामट्या कोणी तासल्या, छर्रे कोणी मोजले, हे विचारणारा विरळा.

सावंतवाडीच्या चितार आळीत मी गेले ती हे विचारायलाच. तिथे गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, करणाऱ्या एका घरात बसले होते. दशावतारी गंजिफेची १२० पानं; प्रत्येक अवताराची १२. पान करायचं म्हणजे कापडाचे थर चिंचोक्याच्या खळीने एकमेकांवर चिकटवायचे, त्यावर खडूचा लेप, तो घोटून घोटून तुळतुळीत करायचा, मग चित्र, आणि वरून लाख. मी गोलाचे फोटो दाखवले. त्या काकांनी चित्रांकडे बघितलंसुद्धा नाही. फुटलेल्या कडेचा फोटो बोटांनी मोठा केला आणि म्हणाले, "खडू बारीक वाटलेला आहे. सरस मात्र जरा जास्त झालाय, म्हणून तडे गेले." लंडनच्या कुठल्याशा कारखान्यातल्या, कधीच मरून गेलेल्या कारागिराला सावंतवाडीतून दिलेला हा अभिप्राय ऐकून माझ्या अंगावर काटा आला. कापड, कागद, खळ, खडू, लाख. मत्स्य-कूर्म-वराहांना जे लागतं तेच सिंह-वृश्चिकांनाही लागतं. आणि दोन्हीकडचे शत्रूही तेच: आपली दमट हवा, खळीला चटावलेली कसर, आणि पावसाळ्यात ओल शोषून फुगणारा नि मार्चमध्ये आकसणारा कागद.

मग वाटतं, कागद कशाला, पितळ का नको?

पितळेचं आकाश आपल्याच देशात घडलं, आणि असं घडलं की पाहणारा चक्रावतो. अकबराच्या काळात, हिजरी ९९८ मध्ये, म्हणजे १५८९-९० च्या सुमाराला, काश्मिरात अली काश्मिरी इब्न लुकमान याने पितळेचा एक आकाशगोल ओतला, त्याला सांधाच नाही. दोन वाट्या जोडलेल्या नाहीत. अख्खा पोकळ गोळा एकसंध. लाहोरच्या अस्तुरलाबी, म्हणजे तारे मोजायची यंत्रं करणाऱ्या, घराण्याने हीच विद्या पिढ्यान्‌पिढ्या चालवली. आत मातीचा गोळा, त्यावर मेणाचा पातळ थर, वरून पुन्हा माती. तापवलं की मेण वितळून निघून जातं आणि त्या पोकळीत पितळ उतरतं. मग लहान भोकांतून आतली माती काढून घ्यायची, आणि ती भोकं पितळेच्याच खुंट्यांनी अशी बुजवायची की घासल्यावर कुठे होती ते कळू नये. वर राशी, नक्षत्रं कोरायची. काही गोलांवर तारे म्हणून चांदीचे ठिपके बसवायचे, ठळक ताऱ्याला मोठा, मंद ताऱ्याला बारीक. ग्रीक खगोलज्ञ टॉलेमीच्या यादीतले हजारावर तारे आणि ४८ तारकासमूह, पण जागा सरकवून, कारण संपातबिंदू, म्हणजे सूर्याचा मार्ग आकाशातल्या विषुववृत्ताला छेदतो ती जागा, साधारण ७२ वर्षांत एक अंश मागे सरतो आणि जुनी यादी तशीच कोरली तर आकाश खोटं ठरतं. ह्या घराण्यातला झियाउद्दीन मुहम्मद गोलावर आपलं नाव कोरतो तेव्हा एकटं कोरत नाही: बाप काइम मुहम्मद, आजोबा मुल्ला ईसा, पणजोबा शेख अल्लाहदाद, सगळ्यांची नावं ओळीने. युरोपी गोलावर नाव असतं प्रकाशकाचं, नकाशा कोरणाऱ्याचं. फाका चिकटवणाऱ्यांचं, रंग भरणाऱ्यांचं, छर्रे तोलणाऱ्यांचं कुणाचंच नाही. लाहोरात ज्याने ओतलं त्याचं नाव आकाशावर आहे. ह्या एका गोष्टीसाठी मी लाहोरच्या बाजूची.

दगडाचंही आकाश आहे. इटलीत नेपल्सच्या संग्रहालयात ग्रीक पुराणातला संगमरवरी अ‍ॅटलस दुसऱ्या शतकापासून खगोल खांद्यावर घेऊन वाकला आहे. त्या गोलावर आकृत्या आहेत, तारा एकही कोरलेला नाही. आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईसाठी इटालियन गोलकार कोरोनेल्लीने १६८३ मध्ये पुरा केलेला, जवळजवळ चार मीटर व्यासाचा निळा गोल, ज्यावर राजाच्या जन्मवेळेचं आकाश रंगवलं आहे. आपल्याकडे ते काम वहीच्या पानावरच्या बारा घरांत भागतं. ह्या दोन्हींबद्दल मला आदर वाटतो, माया वाटत नाही. ते फुटतील, वाळवी खाईल, अशी काळजी करायला वावच नाही.

आमच्या गोलाचं पितळी कडं मात्र कळंकून घट्ट बसलं होतं. उभं कडं खोबणीत सरकवून उत्तर ध्रुव आपल्या गावच्या अक्षांशाइतका वर-खाली करायचा असतो. ते अडकलं होतं साडेएक्कावन्न अंशांवर. म्हणजे बनल्या दिवसापासून, किंवा लिलावाच्या आधीपासून तरी, वेंगुर्ल्याच्या माळ्यावर लंडनचं आकाश लावलेलं होतं. शेजारचे एक म्हातारे रापणकर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारे मच्छीमार, एकदा ओटीवर बसले होते. तरुणपणी ते गलबतावर होते. त्यांनी गोलाकडे बराच वेळ बघून सांगितलं, "ह्यां आकाश उलटां आसा." इंग्रजीचं एक अक्षर न वाचता त्यांनी सप्तर्षींची शेपटी चुकीच्या अंगाला वळलेली ओळखली होती. असे गोल तारांगणाच्या बाहेर उभं राहून बघितल्यासारखे काढतात, म्हणून सगळ्या आकृत्या आरशातल्या. हे मी समजावलं, त्यांना ते पटलं असं वाटलं नाही. त्यांनी दुसराच प्रश्न केला: "आणि अगस्ती खंय?"

अगस्ती लाकडी क्षितिजाच्या खाली होता. लंडनहून तो कधीच दिसत नाही. आपल्याकडेही तो फार वर चढत नाही, दक्षिणेला समुद्रावर एकवीस अंश, बस. पण पाऊस सरताना पहाटे तो दिसू लागला की पाणी निवळतं ही समजूत ह्या किनाऱ्यावर जुनी आहे. नारळी पौर्णिमेनंतर दर्यात गेलेल्या माणसाला तो ओळखीचा असतोच. मी खालून वाकून दाखवला: एका मोठ्या जहाजाच्या सुकाणूवर कोरलेला ठळक तारा. तारा सुकाणूवर आहे हे त्यांना इतकं योग्य वाटलं की त्यांनी उलट्या आकाशाला माफ करून टाकलं. ह्याच वेंगुर्ल्यात १६३७ च्या सुमाराला डचांनी वखार घातली, तिच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. त्यांच्या कंपनीचा अधिकृत नकाशाकार विलेम ब्लाऊ हा आकाशगोलही करायचा. तरुणपणी तो खगोलज्ञ टायको ब्राहेकडे राहून शिकला होता. त्याच्या आधी, १५९५ च्या पहिल्या डच सफरीवर कैसर आणि डी हाउटमन ह्या दर्यावर्द्यांनी जहाजावरून दक्षिणेकडचे तारे मोजले, आणि १५९८ मध्ये ते नकाशाकार प्लान्सियसच्या गोलावर मोर, क्रौंच, फिनिक्स अशा बारा नव्या आकृत्या होऊन उमटले. कैसर त्या सफरीतच गेला, घरी पोचला नाही. त्याच्या क्रौंचाला दिवाळीच्या आसपास, रात्र पडल्यावर आमच्या किनाऱ्यावरून बघता येतं.

चितार आळीतले काका येऊन गोल बघून गेले. कड्याला त्यांनी दोन दिवस थेंब थेंब तेल दिलं, कागदाला लागू न देता, आणि तिसऱ्या दिवशी ते कुरकुरत सरकलं. ध्रुव सोळा अंशांवर आला. आत्याने लगेच शेजारी निरोप पाठवला.

छर्रे पुन्हा जागेवर चिकटवायचे तर सांध्यावरून आकाश कापावं लागेल. मुंबईच्या एका कागद-संवर्धन करणाऱ्या बाईंनी फोनवर ऐकून घेतलं आणि त्यांचाही सूर "नको" असाच होता. सुटलेला कागद बसवा, खडूचा थर धरून ठेवा, आणि पावसाळ्यात सुती कापडाखाली ठेवा, प्लास्टिकखाली नको. मला आधी वाईट वाटलं. जो समतोल साधायला त्या माणसाने एवढी मेहनत घेतली तो आता ह्या गोलाला कधीच मिळणार नाही, सिंह खालीच जाणार. पण बारा फाकांचे सांधे पुन्हा तितके जुळवायला त्याच्याइतका हात आज कुणाचा आहे?

खरा वाद झाला तो दक्षिणेकडच्या गेलेल्या तुकड्यावरून. त्यावर कुठली आकृती होती ते जुन्या गोलांवरून ताडता येतं, आणि काकांचा हात असा की दोन दिवसांत त्यांनी ती रेखली असती. त्यांची इच्छाही होती. संवर्धनवाल्या बाईंचं म्हणणं, तिथे नवी आकृती काढू नका, थर भरून आजूबाजूच्या रंगाला जुळता हात द्या, म्हणजे जुनं काय आणि नवं काय ते पुढच्याला कळेल. मी बाईंच्या बाजूने बोलत होते, पण मन काकांकडे ओढ घेत होतं. चितार आळीच्या माणसाला आकाशाचा तळहाताएवढा तुकडा रंगवायला मिळणार आणि आपण नको म्हणायचं? आत्याने दोघांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: आकृती काढायची नाही, पण तो भाग काकांनीच भरायचा, चिंचोक्याच्या खळीने आणि त्यांच्या खडूने, आणि कडेला बारीक अक्षरांत त्यांचं नाव घालायचं. काका संकोचले. आजवर एकाही गंजिफेवर त्यांनी नाव घातलेलं नाही. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की, काम सुरू होईल. वार्निशला हात लावायचा नाही, असं आत्याने निघताना त्यांना पुन्हा बजावलं, आणि आतेभावाने आणून ठेवलेला ऑइलपेंटचा डबा गेटला मारायला देऊन टाकला.